लोहकणांची साक्ष

१९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. आमच्या नांदेड-लातुराकडील कर्करोगीही तेथवर जातो. घरच्यांचा पहिला प्रश्न असा कीं, रोग लसीका-ग्रंथींत शिरला काय? आकारावरून तें कळत नाहीं. वालाएवढ्या गांठींतही रोग दडतो.

२००३ सालीं बोस्टन व नायमेखन येथील वैद्यांनीं पुरःस्थ-ग्रंथीच्या कर्करोगानें पीडित ८० जणांच्या शिरेंत सूक्ष्म लोहकण सोडून एम्. आर्. आय्. प्रतिमा घेतल्या. निरोगी गांठींतील भक्षक पेशी कण गिळतात, म्हणून ती काळी दिसते. रोगट गांठ उजळ राहते. ज्या ३३ जणांत रोग पसरला होता, ते सर्व ओळखले गेले.

परंतु २००७ सालीं या औषधाच्या युरोपांतील परवान्याचा अर्ज मागें घेण्यांत आला. तेव्हां वैद्यानें तपासणीसाठीं गांठ काढावयास सांगितलें, तर रोग्यानें कचरूं नये.