पुण्याहून गुरुग्रामकडे : घरगुती ध्वनिसंग्रहांच्या जतनाचा इतिहास

दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ गुरुग्राम आणि मानेसर मागे टाकून जयपूर, अहमदाबाद व मुंबईमार्गे पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जातो, आणि भारतातील ध्वनिसंग्रहांच्या जतनाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या संस्थेचा प्रवास नेमका याच मार्गाच्या उलट दिशेने, म्हणजे पुण्याकडून गुरुग्रामकडे, झालेला आहे. मानेसरची आजची ओळख मोटारी आणि दुचाकींच्या कारखान्यांची असली, तरी त्याच जिल्ह्यात, गुरुग्रामच्या सेक्टर ३२ मध्ये, ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे केंद्र आहे. एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणजे संगीताचा ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समाजाच्या संदर्भात केलेला अभ्यास. या केंद्राची स्थापना १९८२ साली पुण्यात झाली, आणि ज्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे ते अंग आहे तिचे भारतातील पहिले ठाणेही १९६१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातच होते. हे केंद्र का काढावे लागले, हे समजण्यासाठी त्याआधीच्या ऐंशी वर्षांत घराघरांत साठत गेलेल्या तबकड्या, स्पूल आणि त्यांच्याबरोबरच्या वह्या यांच्याकडे पाहावे लागते. कारण संग्रह वस्तूंमुळे उभा राहतो, पण टिकतो तो त्या वस्तूंच्या नोंदींमुळे, असेच हा इतिहास पदोपदी दाखवतो.

ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात भारतातील पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तबकड्या येथे तयार होत नसत. मेणावर घेतलेले मूळ मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई आणि तेथून छापील तबकड्या परत येत. दूरच्या कारखान्यातील कामगाराला कोणती तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून गौहर जान यांच्यासारखे गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारत. ध्वनीची नोंद ध्वनीतच ठेवण्याची ही सोय कामापुरती होती खरी, पण लेबल पुसले गेलेल्या कित्येक तबकड्यांची ओळख पटवायला पुढच्या पिढ्यांना तिचाच आधार मिळाला. १९०८ साली कोलकात्यात सियालदा येथे कारखाना निघाल्यावर हा फेरा संपला. या तबकड्या मुख्यतः लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असत, मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेत, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर राग मांडणाऱ्या गायकाला तेवढ्यात चीज, आलाप आणि तान बसवावी लागे. मराठी घरांत नाट्यपदांच्या तबकड्या इतक्या रुळल्या, त्याचे एक कारण हेच की नाट्यपद मुळातच आटोपशीर असे आणि या मापात सहज बसे.

अशा तबकड्या शेकड्यांनी जमू लागल्या की त्या लावायच्या कशा, हा प्रश्न येतोच. गायकाच्या नावाने लावल्या तर युगुलगीत कोठे ठेवायचे आणि नाटकाच्या नावाने लावल्या तर खासगी मैफलीतील ठुमरी कोठे, असा पेच पडतो. म्हणून मुरलेले संग्राहक कंपनी आणि तिचा अनुक्रमांक हाच क्रम धरतात आणि गायक, राग, नाटक यांच्या सूची वहीत वेगळ्या ठेवतात. लेबलावर छापलेला क्रमांक विक्रीचा असतो. त्याखेरीज लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यात कोरलेला आणखी एक क्रमांक असतो, त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात, आणि तो मूळ मुद्रणाचा असल्यामुळे एकच गाणे दोनदा मुद्रित झाले होते की जुनेच मुद्रण नव्या लेबलाखाली विकले गेले, हे त्यावरूनच ठरते. तबकडी तिरकी धरून उजेडात हा आकडा वाचणे हे संग्राहकाचे पहिले कौशल्य होय. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत, हा नियमही अनुभवातून आला, कारण लाख ठिसूळ असते आणि उन्हाळ्यात ती वाकते.

नोंद नसलेली तबकडी जवळजवळ हरवल्यासारखीच असते, हे १९७७ साली एका जगावेगळ्या प्रसंगी दिसले. व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठवायच्या सुवर्ण तबकडीसाठी गोव्यातील केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी निवडली गेली, पण ती तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली होती, आणि बरीच शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका खोक्यात, तिच्या काही प्रती सापडल्या. आंतरतारकीय अवकाशात गेलेला एकमेव हिंदुस्थानी राग अशा एका विस्मृत खोक्यामुळे तेथवर पोहोचला.

जे मुद्रितच झाले नाही त्याची हानी याहून मोठी आहे. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांचे गाणे व्यापारी तबकडीवर आले नाही, आणि १९२२ साली निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांचा आवाज आज उपलब्ध नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून आणि लेखी आठवणींतूनच कळते. पुढे स्पूलवर फिरणारी चुंबकीय फीत आली आणि संपूर्ण मैफल टिपता येऊ लागली, तेव्हा मुंबई-पुण्यातील रसिकांनी घरगुती बैठकांत जे मुद्रण केले, ते कोणत्याही कंपनीच्या यादीत नसलेले धन ठरले. या मुद्रणांवर छापील लेबल नसते. कोण गायले, तबल्यावर आणि पेटीवर कोण होते, बैठक कोणाकडे आणि कोणत्या दिवशी झाली, हे सारे मुद्रण करणाऱ्याच्या वहीत असे आणि पुष्कळदा केवळ त्याच्या डोक्यात असे. फितीचे स्वतःचे दुखणेही निराळे. वर्षानुवर्षे गुंडाळून राहिलेल्या फितीच्या एका वेटोळ्यातील चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर उमटते आणि गाणे सुरू होण्याआधीच त्याचा पुसट पूर्वध्वनी ऐकू येतो. म्हणून जाणकार फीत वाजवून झाल्यावर मागे न फिरवता शेवट बाहेर ठेवून गुंडाळतात, म्हणजे तो ध्वनी आधी न येता मूळ आवाजाच्या मागे येऊन झाकला जातो. कॅसेटच्या काळात साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधील फीत पातळ असे आणि लवकर गुरफटे, तरी पूर्ण राग एका बाजूवर मावावा म्हणून रसिक नव्वदचीच घेत आणि मुद्रण झाले की तिच्या पाठीवरच्या दोन टिकल्या मोडून टाकत, जेणेकरून कोणी चुकून त्यावर दुसरे काही भरू नये.

दिल्लीचा परिसर या कथेत आणखी एका अंगाने येतो. गुलशन कुमार यांची टी-सिरीज १९८० च्या दशकात नोएडातून स्वस्त कॅसेट देशभर पाठवू लागली, आणि २००७ च्या सुमारास मोझर बेअर या त्याच परिसरातील कंपनीने चित्रपटांच्या चकत्या ३० रुपयांच्या आसपास विकायला काढल्या. मध्यमवर्गीय घरातील चित्रपटसंग्रह एकाएकी शेकड्यांत गेला तो यामुळे. हे संग्रह टिकवताना हवामान मात्र महाराष्ट्रात आणि दिल्लीच्या परिसरात सारखे नाही. कोकणात आणि मुंबईत शत्रू आहे तो पावसाळी दमट हवेतून फितीवर चढणारी बुरशी. मानेसरच्या पट्ट्यात मेच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, राजस्थानकडून धूळ येते आणि लगेच पावसाळ्याची आर्द्रता सुरू होते. हवेतील हा चढउतार कायमच्या दमटपणाइतकाच घातक असतो, कारण फितीचा पाया आणि तिच्यावरचा लेप वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त येथे आलेल्या कुटुंबाने घरच्या कॅसेट पोटमाळ्यावर, थेट तापणाऱ्या स्लॅबखाली ठेवल्या, तर काही उन्हाळ्यांतच त्यांचा आवाज बसतो.

चित्रपटांच्या बाबतीत घरगुती जतनाचे मोल दादासाहेब फाळके यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, आणि तेथील संग्रहपाल पी. के. नायर यांना ‘राजा हरिश्चंद्र’चे उरलेले भाग फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळाले. जुनी नायट्रेटची फिल्म मात्र अतिशय ज्वालाग्राही असते, आणि २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत तिचा मोठा साठा भस्मसात झाला. एकाच ठिकाणी ठेवलेली एकमेव प्रत सुरक्षित मानता येत नाही, याला याहून ठळक पुरावा नको.

या पार्श्वभूमीवर संगीत-अभ्यासक नझीर जैरजभॉय यांच्या पुढाकाराने निघालेल्या, आरंभी उल्लेखलेल्या केंद्राचे वेगळेपण ध्यानात येते. परदेशी अभ्यासक भारतात मुद्रण करून फिती आपल्या देशात नेत, आणि ज्यांचे गाणे टिपले त्यांना ते पुन्हा कधी ऐकायला मिळत नसे. ही मुद्रणे भारतात एकत्र आणणे हा केंद्राचा मूळ हेतू. डॉ. अशोक दा. रानडे यांनीही आरंभीच्या काळात येथे काम केले, पुढे केंद्र दिल्लीला आणि तेथून गुरुग्रामला गेले, आणि शुभा चौधरी यांनी दीर्घकाळ त्याचे संचालन केले. केंद्राचे खरे योगदान त्याच्या पद्धतीत आहे. संग्रह देणारा येथे ठेवकरार करतो, म्हणजे फिती सुपूर्द करताना त्या कोणी ऐकाव्यात, कोणाला प्रत द्यावी, हे लिहून ठेवतो, आणि हक्क गमावण्याच्या भीतीने कपाटात कुलूपबंद राहिलेले संग्रह त्यामुळे बाहेर येऊ शकतात. फितीबरोबर क्षेत्रटिपणे, म्हणजे मुद्रणाच्या वेळी अभ्यासकाने लिहिलेली माहिती, तितक्याच काळजीने घेतली जाते. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३८ साली दक्षिण भारतात केलेली मुद्रणे घेऊन जैरजभॉय आणि एमी कॅटलिन १९८४ साली त्याच गावांत गेले आणि कोणत्या परंपरा उरल्या, कोणत्या बदलल्या, हे तपासू शकले. बाके यांच्या टिपणांत गावे आणि कलावंत यांची नोंद नसती, तर ते जाणार कोठे?

आता मूळ फितीवरून संगणकीय प्रत करण्याचे काम सर्वत्र चालू आहे. सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट हे जतनासाठी मान्य झालेले प्रमाण आहे, आणि या प्रमाणात दोन वाहिन्यांचे एका तासाचे मुद्रण सुमारे २ जीबी जागा घेते; पाचशे कॅसेटचा घरगुती संग्रह एका साध्या हार्ड डिस्कवर सहज मावतो. मात्र डिस्कही बंद पडते, म्हणून दोन प्रती घरात आणि एक दुसऱ्या गावी ठेवणे आवश्यक असते. फाइलचे नाव मूळ कॅसेटच्या क्रमांकानेच सुरू व्हावे. ‘जुनी गाणी १’ असे नाव दिलेली फाइल आणि लेबल गळालेली तबकडी यांत फरक राहत नाही.

मुंबईत १९९० पासून कार्यरत असलेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि सुरेश चांदवणकर यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून संग्राहकांच्या सूची छापून हे ज्ञान खासगी वह्यांतून बाहेर काढले, आणि मराठी संगीताच्या इतिहासावर ते मोठे ऋण आहे. तरीही अनेक स्पूल आज मराठी घरांत, महाराष्ट्रात असोत वा मानेसरात, पडून आहेत, आणि त्यांवर कोण गात आहे हे सांगू शकणारी माणसे वयोवृद्ध झाली आहेत. ज्यांच्या घरी असा संग्रह असेल त्यांनी संगणकीय प्रतीची वाट न पाहता आधी त्या माणसांजवळ वही घेऊन बसावे, प्रत्येक फितीवरचा गायक, साथीदार, स्थळ आणि साल लिहून घ्यावे, आणि संग्रह कोणत्याही संस्थेला देताना ती वही त्याच्याबरोबरच द्यावी.