दोन कागद आणि एक घास

साल 250. तुम्ही कार्थेजमध्ये आहात, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रोमन बंदरात. कापडाचा धंदा आहे, बायको-मुलं आहेत, पदरी चार माणसं आहेत. बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं लोटली. मंडळीच्या सभेला नेमाने जाता, प्रभूची भाकर हातावर घेता, बाकीचे दिवस दुकान सांभाळता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

अशात सम्राट डेशियसचा हुकूम येतो. सरहद्दीवर गॉथ टोळ्या धडका देताहेत, एकामागून एक सम्राट आपल्याच सैन्याच्या हातून मरताहेत. देव रुसलेत, त्यांची समजूत घातली की राज्य सावरेल, असा डेशियसचा हिशोब. म्हणून घराघरातल्या माणसांनी देवांपुढे यायचं, बळी किंवा धूप द्यायचा, मद्य ओतायचं, बळीचं मांस चाखायचं आणि तसं केल्याचा दाखला घ्यायचा. यातून सुटका जवळजवळ कुणाचीच नाही. तिकडे इजिप्तमध्ये मगरदेव पेतेसूखोसच्या पुजारणीलासुद्धा हा दाखला काढावा लागतो. तिला काय, एक फेरा पडला एवढंच. तुमचं मात्र सगळं आयुष्य पणाला लागलंय. नकार दिला तर तुरुंग, छळ, हद्दपारी, मालमत्ता जप्त.

तुम्ही चौकात येता. नगराधिकाऱ्यांच्या जोडीला पाच प्रतिष्ठित नागरिक बसलेत. वेदीवर धूर आहे, जळक्या चरबीचा वास आहे. आणि रांगेत कोण कोण आहे! परवापर्यंत सभेत तुमच्या शेजारी उभा राहणारा माणूस आहे. एक बाई कडेवरचं तान्हं मूल घेऊन आलीय, त्याच्याही ओठांना मद्य लावायचंय. दिवस कलतो. अधिकारी म्हणतात, उरलेल्यांनी उद्या या. तर लोक हातापाया पडतात, आजच उरका म्हणून. कुणी ओढून आणलेलं नाही त्यांना. आपल्या पायांनी आलेत.

तुम्हाला हे जमत नाही. पण तुरुंगात जायचीही छाती होत नाही. मग तुम्ही मधली वाट काढता. संध्याकाळी एका अधिकाऱ्याला एकट्यात गाठता आणि सरळ सांगता, मी ख्रिस्ती आहे, मला बळी देता येत नाही, वेदीजवळ जाता येत नाही. ते करावं लागू नये म्हणून हे घ्या. तो पैसे मोजतो, तोंडाने हिशोब करतो, तुमच्याकडे बघतही नाही. कागद ओढतो, बोरू बुडवतो. मजकूर ठरलेला आहे: मी देवांना नेहमीच बळी देत आलो, आजही तुमच्या समक्ष दिला, मद्य ओतलं, मांस चाखलं, तरी तसा दाखला मिळावा. मोकळ्या जागेत तुमचं नाव येतं. खाली सही होते. शाई वाळायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ तुम्ही तिथे उभे राहता.

इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे 40हून अधिक दाखले पुढे सापडतील. पहिला छापून येईल 1893 साली. पण तुमचा दाखला आज रात्री तुमच्याच कंबरेला आहे, आणि घरी जाताना तुम्ही मनाशी घोकताय: मी धूप दिला नाही, मांसाला शिवलो नाही, मी काही केलंच नाही.

हा पहिला कागद.

पुढचे महिने झोप लागत नाही. बिशप सिप्रियन शहरात नाही. छळ सुरू होताच तो लपून बसला, तिथून पत्रं लिहून मंडळी चालवतोय. मेंढपाळच पळाला, असं लोक बोलतात, आणि तुम्हाला ते ऐकायला बरं वाटतं. दुसऱ्याचा डाग दिसला की आपला पुसट होतो.

याच दिवसांत तुरुंगातून चिठ्ठ्या येऊ लागतात. ज्यांनी नकार दिला ते आत अन्नपाण्यावाचून कोंडलेत, उकाड्यात तडफडताहेत. पॉल नावाचा एकजण मरण्यापूर्वी सोबतच्या लुसियनला सांगून गेला की माझ्यामागे जो कुणी मागेल त्याला माझ्या नावाने माफी दे. लुसियन दिलदार माणूस. तो लिहीत सुटतो. रोमहून सेलेरिनस त्याला छळापुढे पडलेल्या आपल्या बहिणींसाठी विनवतो. स्वतः तुरुंगात राहून आलेला हा माणूस ईस्टरच्या सणातही बहिणींसाठी रडत होता. कार्थेजमध्ये तर चिठ्ठ्यांचा सुकाळ होतो. काहींवर नावही नसतं, नुसतं ‘अमका आणि त्याची माणसं’. एकेका चिठ्ठीवर वीस-तीसजण आत शिरतात.

तुम्हालाही एक मिळते. कोणी ओळखीच्याने आणून दिलेली. ज्याच्या नावाने माफी मिळाली त्याला तुम्ही कधी पाहिलं नाही. तुम्ही कुणापुढे काही कबूल केलं नाही. ती पहिल्या दाखल्याशेजारी पेटीत ठेवता आणि रात्री पुन्हा जागेच.

दुसरा कागदही वाया गेला. पहिल्याने तुम्ही निर्दोष ठरला होतात, दुसऱ्याने माफ झालात. आणि दोन्ही वेळा तुम्ही मनाने तिथे हजर नव्हता.

साल 251. ईस्टर उलटल्यावर सिप्रियन परत येतो. सभेत उभा राहतो तेव्हा आवाज थरथरतो, पण शब्द सौम्य नाहीत. रांगेत धावत गेलेल्यांना तो सोडत नाही, आणि तुमच्यासारख्या दाखलेवाल्यांनाही नाही. बळी दिला नाही, पण दिला असं लिहून दिलंत. मग नाकारलंत ते कुणाला? एक प्रसंग सांगतो: कुणी आपलं पाप लपवून प्रभूची भाकर घेतली, मूठ उघडली तर हातात राख. तुम्ही नकळत आपले तळवे वस्त्राला पुसता.

पण पुढे तो जे म्हणतो ते तुमच्या कानावर जेमतेम पडतं. तो म्हणतो, जखम दाखवा. वैद्याला दाखवली नाही तर बरी होणार कशी?

आता खरी परीक्षा. त्याच सुमारास रोमहून नोवाशियनचे दूत आलेत. रोमचा बिशप कॉर्नेलियस पडलेल्यांना परत घ्यायला तयार आहे म्हणून नोवाशियनने वेगळी चूल मांडलीय. त्याचं म्हणणं, ज्यांनी ख्रिस्ताला नाकारलं त्यांनी जन्मभर रडावं, देवाला वाटलं तर तो क्षमा करील; मंडळीने दार उघडायचं नाही. तुम्ही ते ऐकता आणि एक विचित्र गोष्ट घडते. तुम्हाला ते पटतं. मनाला थंडावा मिळतो. होय, माझं पाप एवढं मोठं आहे की त्याला माफी नाहीच!

इथे जरा थांबा आणि स्वतःच्या मनात नीट डोकावा. हा थंडावा कसला? शिक्षा तुम्हीच ठरवलीत की निदान न्यायाधीश तरी तुम्हीच राहता. कुणापुढे मान तुकवावी लागत नाही. कुणाच्या उपकारात राहावं लागत नाही. वर माणसं म्हणतात, केवढा हळवा जीव. ख्रिस्ती धर्मात याला नम्रता म्हणत नाहीत. ज्याने आपल्यासाठी जीव दिला त्याची दया माझ्या पापाला पुरणार नाही, असं म्हणणं म्हणजे त्याच्या हिशोबापेक्षा आपला हिशोब मोठा करणं. पेत्रानेही कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं होतं. त्याने आणि यहूदाने, दोघांनीही पश्चात्ताप केला. यहूदाने पैसे परत केले, आपला निकाल आपणच लावला. पेत्र रडला आणि वाट बघत राहिला. पुढे सरोवराकाठी प्रभूने तीनदा विचारलं तेव्हा तो तीनदा उत्तर द्यायला हजर होता.

तुम्हाला अजून पटत नाही. तर मग एका रात्रीपुरते अलेक्झांड्रियाला चला.

सेरापियन नावाचा म्हातारा अंथरुणावर आहे. सगळं आयुष्य नेकीने काढलं आणि शेवटी छळाच्या दिवसांत बळी देऊन बसला. तेव्हापासून क्षमेसाठी दारोदार विनवत होता. कुणी लक्ष दिलं नाही. आता तीन दिवस वाचा गेलीय, शुद्ध नाही. चौथ्या दिवशी जरा डोळे उघडतो, मुलीच्या मुलाला जवळ बोलावतो, म्हणतो, मला किती अडकवून ठेवणार, एका धर्मगुरूला घेऊन ये. पुन्हा वाचा बंद.

पोरगा रात्रीचा धावत सुटतो. तुम्ही त्याच्यामागे. धर्मगुरू स्वतः आजारी, उठता येत नाही. पण बिशप डायोनिसियसचा हुकूम आहे की मरणाच्या दारात असलेल्याने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. धर्मगुरू भाकरीचा बारीकसा तुकडा पोराच्या हाती देतो. पाण्यात भिजव आणि थेंबाथेंबाने आजोबांच्या तोंडात सोड. पोरगा परत येतो. तो आत पाऊल टाकण्याआधीच म्हातारा सावध झालाय. म्हणतो, आलास बाळा, त्यांना येता आलं नाही. सांगितलंय ते लवकर कर आणि मला जाऊ दे. पोरगा बोटांनी तुकडा भिजवतो, ओठांशी धरतो. म्हातारा थोडंसं गिळतो आणि प्राण सोडतो.

बिशप डायोनिसियसने ही हकिकत अंत्युखियाच्या बिशपला कळवली, कारण त्या बिशपचा कल नोवाशियनकडे झुकत होता. म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोचली. म्हाताऱ्याकडे ना दाखला होता, ना चिठ्ठी. पापाची भरपाई करायला आयुष्यही उरलं नव्हतं. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती: तो मागत राहिला. आणि दया आली तीही कशी, आजारी धर्मगुरूकडून, अंधारात धावणाऱ्या पोराच्या मुठीतून. ती ज्या हाताने आली त्या हाताने त्याने घेतली.

परत कार्थेजला या. बिशपांची परिषद बसलीय. निर्णय दोन्ही टोकांना सोडून आहे. चिठ्ठ्यांवर घाऊक माफी नाही. नोवाशियनसारखा कायमचा बंद दरवाजाही नाही. ज्यांनी लाच देऊन दाखला घेतला त्यांची एकेकाची चौकशी होऊन, पश्चात्ताप दिसला तर त्यांना परत घ्यायचं. ज्यांनी बळी दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचं, पण मरताना कुणालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चिन्हं दिसली तेव्हा प्रायश्चित्त करत राहिलेल्या या लोकांनाही परत घेण्यात आलं. ज्यांनी उद्या प्राण द्यायचे, त्यांना आज उपाशी कसं ठेवायचं?

तुमची पाळी येते. यावेळी कागद नाही. तुम्ही तोंडाने सांगता: भ्यालो, पैसे दिले, खोटं लिहून घेतलं. बिशप आणि धर्मगुरू तुमच्या डोक्यावर हात ठेवतात. मग भाकर येते. तुम्ही तळवा पुढे करता, आणि भीती वाटतेच, की राख होईल. होत नाही.

आता थोडं पुढचंही बघून घ्या. 14 सप्टेंबर 258 रोजी सिप्रियनचा शिरच्छेद झाला. या वेळी तो पळाला नाही. 325 साली नायसियाच्या परिषदेने तेराव्या नियमात लिहून ठेवलं की मरणाऱ्याला शेवटचा घास नाकारायचा नाही. त्याच परिषदेत नोवाशियनच्या पंथाचा बिशप असेसियस आपल्या कडकपणाचं समर्थन करत होता. इतिहासकार सॉक्रेटिसने नोंदवलंय की सम्राट कॉन्स्टंटाइन त्याला म्हणाला, मग शिडी लाव आणि एकटाच चढ स्वर्गात.

तुम्ही आपल्या काळात परतलात. जुनं काही मनात टोचत असेल तर दोन कागद आजही हाताशी असतातच: ‘मी काही केलंच नाही’ आणि ‘झालं गेलं, सगळे करतात’. तिसरा, ‘माझ्या पापाला माफीच नाही’, हा सर्वांत सात्त्विक दिसतो आणि सर्वांत जास्त काळ दार बंद ठेवतो. तिन्ही बाजूला ठेवा. काय केलं ते नाव घेऊन सांगा. ज्याचं बिघडवलं त्याचं जमेल तेवढं भरून द्या. आणि देवाने क्षमा केली असेल तर त्याच्यापेक्षा कडक न्यायाधीश होऊ नका. तो अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.