आखाती देशांत कामाला जाताना : व्हिसा, ईसीआर पासपोर्ट आणि एजंटची पारख

आपल्या समाजातील अनेक तरुण आज दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान येथे कामाला जात आहेत. कोणी वेल्डर आहे, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात, कोणी सफाईच्या कामात. भगिनी परिचारिका किंवा घरकामासाठी जातात. बहुतेकांच्या मागे शेती किंवा नोकरीचा आधार नसतो. एजंटला द्यायचे पैसे व्याजाने काढलेले असतात, नाहीतर आईचे दागिने गहाण ठेवून उभे केलेले असतात. अशा वेळी व्हिसा खोटा निघाला किंवा चुकीचा निघाला, तर एकट्या मुलाचे नव्हे, सगळ्या घराचे नुकसान होते. म्हणून परदेशी कामाच्या व्हिसाबाबत प्रत्येक तरुणाला आणि वस्तीतील प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असाव्यात अशा गोष्टी आम्ही येथे एकत्र देत आहोत.

परवानग्या दोन, एक नव्हे

व्हिसा म्हणजे ज्या देशात जायचे त्या देशाची परवानगी. पण कमी शिकलेल्या कामगाराला काही देशांत नोकरीसाठी जाताना आपल्या देशाचीही परवानगी लागते. तिला एमिग्रेशन क्लिअरन्स म्हणतात. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार ही मंजुरी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे कार्यालय देते. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर होतो आणि त्याचे सरकारी शुल्क फक्त २०० रुपये आहे.

ही मंजुरी कोणाला लागते, ते पासपोर्टवरून कळते. पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असेल तर तो ईसीआर पासपोर्ट. साधारणपणे दहावी पास नसलेल्यांना हा शेरा मिळतो. वय ५० च्या वर असणारे, आयकर भरणारे, तीन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेले, तसेच एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीची मान्यता असलेली दोन वर्षांची पदविका घेतलेले यांना सूट मिळू शकते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दहावी पास असूनही अनेकांच्या पासपोर्टवर हा शेरा दिसतो, कारण अर्ज करताना दहावीचे प्रमाणपत्र जोडलेलेच नसते. असे झाले असेल तर प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा काढून घ्यावा. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. हेच काम करून देतो म्हणून कोणी दहा-पंधरा हजार मागत असेल तर तो लुबाडतो आहे, असे समजावे.

ते अठरा देश

ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी जाताना मंजुरी लागणारे देश असे : संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड.

महिलांसाठी नियम अधिक कडक आहेत. ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालील महिलेला या देशांत कामासाठी मंजुरी मिळत नाही. परिचारिकांच्या बाबतीत तर पासपोर्टवर शेरा नसला तरी या देशांसाठी मंजुरी लागते. २०१५ पासून तसा नियम आहे. तेव्हा २२-२३ वर्षांच्या मुलीला ‘घरकामाला कुवेतला पाठवतो, कागदाची चिंता नको’ असे कोणी सांगत असेल, तर ती वाट सरळ नाही हे घरच्यांनी तिथेच ओळखावे.

व्हिजिट व्हिसावर काम नाही

सर्वात जास्त फसवणूक या एका मुद्द्यावर होते. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. याचाच फायदा घेऊन एजंट कामगाराला व्हिजिट व्हिसावर विमानात बसवतो आणि ‘तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा होईल’ असे सांगतो. विमानतळावर ‘फिरायला चाललो’ असे सांगायला शिकवतो. असा माणूस तिकडे उतरला की त्याच्या नावाची नोंद कामगार म्हणून आपल्या सरकारकडे नसते, करार नसतो आणि विमाही नसतो. व्हिजिट व्हिसावर काम करणे तेथील कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे मालकाने पगार बुडवला तरी तक्रार करायला तो घाबरतो. मुदत संपली की दंड चढू लागतो. अमिरातीत हा दंड दिवसाला ५० दिरहम आहे. दोन महिने गेले तरी ३,००० दिरहम होतात.

दुसरा प्रकार ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’चा. असा व्हिसा कोणत्याही देशाच्या कायद्यात नाही. एखाद्या प्रायोजकाच्या, म्हणजे कफीलच्या, नावावर व्हिसा काढायचा आणि काम मात्र दुसरीकडे कुठेही करायचे, असा हा व्यवहार असतो. तपासणीत सापडल्यास कामगारच बेकायदा ठरतो. सौदीत कफीलने ‘हा कामावरून पळाला’ अशी नोंद केली तर इकामा, म्हणजे तेथील राहण्याचा परवाना, निरुपयोगी होतो आणि मायदेशी परतणेही अवघड होते.

शिकलेल्या मुलांनीही गाफील राहू नये. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता की, थायलंडमध्ये ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी सांगून संगणक येणाऱ्या तरुणांना नेले जाते आणि तेथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जातात. कंबोडिया आणि लाओसमधूनही असे प्रकार पुढे आले. थायलंडला आपले अनेक उपासक धम्मसहलीसाठी जातात. तो प्रवेश पर्यटनाचा असतो. त्यावर नोकरी करता येत नाही.

एजंट खरा की खोटा

परदेशी नोकरीसाठी माणसे भरण्याचा धंदा करायला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवाना असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. एजंटच्या पाटीवर, जाहिरातीत आणि पावतीवर परवाना क्रमांक असला पाहिजे. तो क्रमांक पोर्टलवर टाकून नाव, पत्ता जुळतो का आणि परवाना चालू आहे का, ते पाहावे. गावात किंवा वस्तीत फिरणारा ‘सब-एजंट’ हा प्रकार कायद्यात नाही. ‘मी अमक्या मोठ्या ऑफिसचा माणूस आहे’ असे तो सांगत असेल तर त्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारावे.

परवानाधारक एजंटला सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. त्याची पावती दिलीच पाहिजे. लाख-दीड लाख मागणारा एजंट नियम मोडतो आहे. पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो.

आणि कायदा किती दुबळा आहे तेही जाणून घ्यावे. १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरतीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंड आहे दोन हजार रुपयांपर्यंत! एका कामगाराकडून लाख रुपये उकळणाऱ्याला हा दंड म्हणजे काहीच नाही. म्हणून पोलिसांत तक्रार करताना उत्प्रवासन कायद्याबरोबर भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ लावण्याचाही आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा. माणसाला फसवून नेऊन जबरदस्तीने राबवले असेल तर मानवी तस्करीचे कलम १४३ ही लागू होऊ शकते.

सहीआधी करार वाचा

करारात मालकाचे नाव, काम, मूळ पगार, कामाचे तास, राहणे-जेवण, रजा, परतीचे तिकीट आणि कराराची मुदत या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. तोंडी सांगितलेल्या ओव्हरटाइमला अर्थ नाही. व्हिसावर लिहिलेला हुद्दा आणि करारातला हुद्दा एकच आहे का, हे आवर्जून पाहावे. इलेक्ट्रिशियन म्हणून नेऊन व्हिसावर ‘लेबर’ लिहिलेले असेल तर तिकडे पगारही लेबरचाच मिळतो.

अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा आणखी एका भाषेत मिळू शकतो. त्या भाषांत हिंदी आणि उर्दू आहेत, मराठी नाही. तेव्हा हिंदी प्रत मागून घ्यावी. २०२२ पासून लागू झालेल्या तेथील कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही, परीक्षाधीन काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावा आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. कतारसाठी मुंबईसह भारतातील काही शहरांत कतार व्हिसा केंद्रे आहेत. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि करारावर सही हे सर्व निघण्यापूर्वीच तेथे होते. कतारमध्ये २०२१ पासून किमान मूळ वेतन महिना १,००० रियाल आहे. मालक राहणे व जेवण देत नसेल तर त्यासाठी अनुक्रमे ५०० आणि ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात.

वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी. क्षयरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस यांची चाचणी तेथे होते. आधी एजंटला पैसे आणि मग तपासणी, असे करू नये. तपासणीत अपात्र ठरल्यास दिलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

पदवी किंवा पदविका लागणार असेल तर तिचे साक्षांकन करून घ्यावे लागते. सौदी, ओमान आणि बहरीनसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का चालतो. अमिराती, कतार आणि कुवेतसाठी त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. या कामाला वेळ जातो, म्हणून आधीपासून सुरुवात करावी.

विमा आणि प्रशिक्षण

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. विम्याची प्रत घरी ठेवलीच पाहिजे, कारण दावा करण्याची वेळ घरच्यांवर येते आणि त्यांना विमा काढला होता हेच माहीत नसते. निघण्यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण असते. ते टाळू नये. तिकडचे कायदे आणि मदतीचे मार्ग तेथे सांगितले जातात.

अडचण आली तर

पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला, मारहाण झाली, माणूस बेपत्ता झाला किंवा मृतदेह आणायचा आहे, अशा प्रसंगी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. हे पोर्टल २०१५ पासून आहे. गावी राहणारे घरचे लोकही तेथे तक्रार नोंदवू शकतात. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवून पाठपुरावा करावा. भारतीय दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. अडकलेल्या गरजू कामगाराचे तिकीट, कायदेशीर मदत, मृतदेह आणण्याचा खर्च यासाठी तो वापरता येतो. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. कोणत्याही मालकाला तो दाबून ठेवण्याचा अधिकार नाही, हे कामगाराने ठामपणे सांगावे.

वस्तीत काय करता येईल

आपल्या बहुतेक विहारांत अभ्यासिका आहेत, शिकलेली मुले आहेत, मोबाईल आणि इंटरनेट आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला द्यावी. परदेशी जाणाऱ्याचा एजंट पोर्टलवर तपासून द्यावा, करार वाचून समजावून सांगावा. पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, पावत्या आणि मालकाचा पत्ता यांच्या झेरॉक्स प्रतींचा एक संच घरी आणि एक विहारात ठेवावा. आधी जाऊन आलेल्या कामगारांना बोलावून नव्या मुलांशी बोलायला लावावे, कारण एजंटच्या गोड बोलण्यापेक्षा त्यांचा अनुभव जास्त उपयोगी पडतो.

परदेशी जाऊन कमावणे यात कमीपणा काहीच नाही. त्या पैशावर आपल्या समाजात घरे उभी राहिली, भावंडे शिकली. मात्र जाणाऱ्याने सरळ वाटेने जावे, कागद हातात घेऊन जावे. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ई-मायग्रेट पोर्टल आणि त्या देशाच्या दूतावासाची सूचना एकदा पाहावी. आणि एजंटला पहिला रुपया देण्याआधी त्याचा परवाना क्रमांक तपासावा. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही.