पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा व शरणागति यांतील अंतर

पंडिता रमाबाई यांचें धर्मांतर इ. स. १८८३ च्या सप्टेंबरांत, इंग्लंडांतील वाँटेज येथें झालेल्या बाप्तिस्म्याबरोबर पूर्ण झालें, असें सामान्यतः समजलें जातें. बाईंचें इ. स. १९०७ मधील इंग्रजी आत्मकथन पाहतां ही समजूत टिकत नाहीं. त्यांत त्या सांगतात कीं, ख्रिस्ती धर्माचीं मतें बुद्धीस पटलीं म्हणून तो स्वीकारला. ख्रिस्तावर सर्व भार टाकणें त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं साधलें. हॅस्लम नामक इंग्लिश पाद्र्याच्या आत्मवृत्ताचें वाचन त्यास कारण झालें. हा पाद्रीहि उपदेशकाचें काम करूं लागल्यावर पुष्कळ काळानें खरा पालटला होता.

हें कथन बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनीं लिहिलेलें आहे. तें सावधपणेंच घेतलें पाहिजे. तथापि स्वतःच्या दीक्षेस उणेपणा आणणारी कबुली कोणी सहसा देत नाहीं. म्हणून आम्हांस ती विश्वसनीय वाटते.

तिचें मर्म कळण्यास बाईंचें पूर्वायुष्य ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यांचे पिते अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणकथनावर निर्वाह चाले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. जवळचें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत संपलें. कुलाभिमानामुळें मजुरी किंवा याचना करवेना. पिता, माता व वडील भगिनी एकामागून एक निवर्तलीं. पुढें इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास ज्या विद्येनें ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून दिल्या, तीच विद्या त्या वेळीं घासभर अन्न देऊं शकली नव्हती.

वैष्णव शास्त्रांत शरणागतीचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. त्यांतील कार्पण्य म्हणजे स्वतःच्या असमर्थतेची जाणीव. बाईंनीं हा शब्द योजला आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यांनीं वर्णिलेली मनःस्थिति आमच्यासारख्या संस्कृतज्ञास याच शब्दानें चटकन कळते.

या स्थितीची कसोटी लवकरच लागली. इ. स. १८९३ मध्यें शारदासदनांत धर्मप्रसार होतो या आक्षेपावरून न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळ सोडलें व कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. इ. स. १८८७ मध्यें अमेरिकेंतील साहाय्यक मंडळानें दहा वर्षांपुरतें वचन दिलें होतें; त्याची मुदत सरत आली असतांच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. खर्चाची निश्चिति नसतां बाई मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन याच कार्यांतून वाढलें.

तेथें केवळ प्रार्थना होत नसे. शेती, विणकाम, छपाई हे उद्योग मुलींस शिकविले जात. हातास काम नसल्यानें आपलें कुटुंब कसें नष्ट झालें, हें बाई विसरल्या नव्हत्या. विद्याहि त्यांनीं सोडली नाहीं. हिब्रू व ग्रीक मूळांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं इ. स. १९२२ मध्यें निधनापूर्वीं पुरें केलें. विद्येवरचा आधार तेवढा त्यांनीं काढून घेतला होता.

इ. स. १८८३ ते १८९१ या आठ वर्षांतील बाईंचीं किंवा त्यांच्या परिचितांचीं पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांवरील तारखा काळजीपूर्वक नोंदून ठेवाव्या. १९०७ च्या कथनाची खरी परीक्षा त्यांवरूनच होणार आहे.