ऐंशी आणि शून्य : एका विक्रमाचे वाचन

साहित्याच्या अभ्यासकांना मिडलबरी हे नाव माहीत असते ते मुख्यतः ब्रेड लोफमुळे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या या लहानशा महाविद्यालयाने १९२६ साली ब्रेड लोफ येथे लेखकांची परिषद सुरू केली. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांचा तिच्याशी दीर्घकाळ संबंध राहिला. उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम जवळच्याच रिप्टन गावी असे. २० जानेवारी १९६१ रोजी केनेडींच्या शपथविधीच्या वेळी फ्रॉस्ट यांनी कविता म्हटली, ही घटना वाङ्मयेतिहासात नोंदली गेली आहे. त्याच हिवाळ्यात मिडलबरीच्या बर्फावर आणखी एक नोंद होत होती. तिच्याकडे साहित्याच्या वाचकांनी पाहण्याचे तसे कारण नाही; पण इतिहासातील आकडा कसा वाचावा, या प्रश्नासाठी ती आम्हांला फार उपयोगाची वाटते.

माँट्रियल येथे १९३८ साली जन्मलेला फिल लात्रेय हा मिडलबरीच्या आइस हॉकी संघाचा खेळाडू होता. ड्यूक नेल्सन हे त्याचे प्रशिक्षक. १९६०-६१च्या मोसमात त्याने २१ सामन्यांत ८० गोल केले आणि चार वर्षांच्या महाविद्यालयीन कारकिर्दीत एकूण २५०. आपल्या परिचयाच्या मैदानी हॉकीपेक्षा हा खेळ वेगळा आहे. गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू, चेंडूऐवजी रबराची चकती, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. एका सामन्यात तीन गोल करणे हा या खेळात खेळाडूच्या कौतुकाचा विषय असतो. लात्रेयची त्या मोसमातली सरासरीच जवळपास चार होती. त्याच वर्षी व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगमध्ये बर्नी जेफ्रियनने ५० गोल केले, तेव्हा सोळा वर्षांपूर्वीच्या मोरीस रिशारच्या विक्रमाची बरोबरी झाली म्हणून केवढा गाजावाजा झाला! पुढे १९८१-८२मध्ये वेन ग्रेट्झ्कीने ९२ गोल केले खरे, पण ८० सामन्यांत. महाविद्यालयीन हॉकीत १९८५-८६मध्ये मिशिगन स्टेटच्या माइक डॉनेलीने ५९ गोल केले. त्याचा संघ लात्रेयच्या संघापेक्षा दुपटीने सामने खेळला होता.

आता दुसरा आकडा पाहू. १९६०-६१चाच मोसम संपता संपता न्यू यॉर्क रेंजर्स या व्यावसायिक संघाने लात्रेयला घेतले. तो चार सामने खेळला. गोल : शून्य. त्यानंतर त्या लीगमध्ये तो कधीही परतला नाही.

या दोन आकड्यांचे दोन सोपे अर्थ लगेच सुचतात. पहिला असा की शून्याने ऐंशीचे पितळ उघडे पाडले. दुबळ्या संघांविरुद्ध केलेली ती मर्दुमकी. खरी परीक्षा आली आणि निकाल लागला. दुसरा अर्थ भाबडा : अलौकिक प्रतिभेवर अन्याय झाला. आमच्या मते दोन्ही वाचनांत दोष एकच आहे. आकडा हा एका विशिष्ट व्यवस्थेने दिलेले उत्तर असतो. ही वाचने त्याला माणसावरचा अंतिम निवाडा मानतात.

ती व्यवस्था कशी होती? महाविद्यालयीन हॉकीतील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९४८ साली सुरू झाली होती. पण लहानमोठ्या महाविद्यालयांची वेगवेगळ्या श्रेणींत वाटणी अद्याप व्हायची होती. मोसम छोटा, संघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर. गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटा ही गोष्टसुद्धा नवीनच. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्कमध्ये रेंजर्सच्या अँडी बाथगेटच्या फटक्याने जाक प्लांतचा चेहरा फाटला, आणि त्यानंतर त्याने सामन्यात मुखवटा वापरण्याचा आग्रह धरला. पुढे श्रेण्या झाल्या, मिडलबरी तिसऱ्या श्रेणीत गेले आणि १९९५ ते १९९९ अशी सलग पाच वर्षे तेथे अजिंक्य ठरले. ज्या परिस्थितीत ऐंशी गोल शक्य झाले ती परिस्थितीच उरली नाही.

शून्यालाही अशीच पार्श्वभूमी आहे. १९६७पर्यंत नॅशनल हॉकी लीगमध्ये संघच मुळी सहा होते. साऱ्या खंडातील खेळाडूंना मिळून जेमतेम सव्वाशे जागा. त्याही बहुतेक कॅनडातील कनिष्ठ संघांतून तयार झालेल्यांच्या. पदवी घेऊन आलेला खेळाडू तेथे अपवादच. चार सामने म्हणजे या दारातून आत डोकावण्याइतकाच अवधी.

परंतु येथेच थांबलो तर आपणही एक चूक करू. संदर्भ सांगितला की कृतीचे स्पष्टीकरण संपले, अशी सवय आपल्या समीक्षेलाही जडलेली आहे. काळ, वर्ग, संस्था यांची मांडणी झाली की कवी त्यात विरघळून जातो. प्रतिस्पर्धी दुबळे होते हे मान्य केले, तरी तेच प्रतिस्पर्धी, तेच गोलरक्षक आणि तोच छोटा मोसम त्या काळातील इतर शेकडो विद्यार्थ्यांच्याही वाट्याला आला होता. त्यांच्यापैकी कोणीही ऐंशीपर्यंत पोहोचला नाही. परिस्थितीमुळे विक्रम शक्य का झाला, ते कळते. तो याच मुलाने का केला, हे त्यातून कळत नाही. तेवढा शिल्लक भाग त्याचा स्वतःचा. तो मान्य करण्यासाठी त्याला जेफ्रियनच्या पंक्तीला बसवण्याची गरज नाही.

म्हणून आम्ही असे म्हणू की ऐंशी हा आकडा एकवीस सामन्यांसह वाचावा आणि शून्य हा आकडा चार सामन्यांसह. दोन्ही खरे आहेत, दोन्ही एकाच हिवाळ्याचे आहेत. पण एकाने दुसऱ्याची वजाबाकी करता येईल इतके ते एकजिनसी नाहीत. लहान गावात, लहान संस्थेत झालेल्या मोठ्या कामाचे मोल ठरवताना केंद्राने त्याला पुढे बोलावले की नाही, एवढेच आपण बहुधा विचारतो. त्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे : जिथे तो उभा होता तिथे त्याने काय केले? लात्रेयच्या बाबतीत याचे उत्तर साठाहून अधिक वर्षे विक्रमांच्या पुस्तकात जसेच्या तसे उभे आहे.