व्हील ॲडाप्टर म्हणजे काय? दुसऱ्या गाडीचे अलॉय बसवण्याआधी हे नक्की तपासा

मोबाईलवर सेकंड हॅन्ड अलॉयची जाहिरात दिसते. फोटो भारी, भाव परवडणारा आणि खाली एक ओळ: "ॲडाप्टर लावून कुठल्याही गाडीला बसेल." साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, असा सेट घ्यायचा मोह होतोच. पण पैसे पाठवण्याआधी चार आकडे बघा. चला तर मग, समजून घेऊया.

पीसीडी म्हणजे काय?

व्हीलच्या नटांची भोकं एका गोलावर असतात. त्या गोलाचा व्यास म्हणजे पीसीडी. काही गाड्यांचे आकडे:

- मारुती स्विफ्ट, ह्युंदाई आय२०: ४×१००
- फोर्ड फिगो, इकोस्पोर्ट: ४×१०८
- फोक्सवॅगन पोलो: ५×१००
- ह्युंदाई क्रेटा: ५×११४.३

पहिला आकडा नटांचा, दुसरा मिलिमीटरमधला व्यास. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पण तिचे जुने अलॉय बाजारात फिरतातच. ते स्विफ्टला थेट बसत नाहीत. फरक फक्त ८ मिमीचा दिसतो, पण नट सरळ बसत नाही. जबरदस्तीने आवळला तर स्टडवर तिरका ताण येतो.

घरी कसं मोजायचं?

४ भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ५ भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. ६७ मिमी आलं तर पीसीडी ११४.३ समजा.

ॲडाप्टर आणि स्पेसरमध्ये फरक काय?

स्पेसर ही नुसती चकती. तिने व्हील बाहेर येतं, पीसीडी तोच राहतो. ॲडाप्टर आधी गाडीच्या हबला नटाने बसतो आणि त्याच्यावरच्या वेगळ्या स्टडवर नवीन व्हील बसतं. म्हणजे एका चाकाला नटांचे दोन संच. त्यातला आतला संच व्हील काढल्याशिवाय दिसत नाही!

खरा धोका कुठे आहे?

१. ऑफसेट: व्हीलवर ईटी ४५ असा आकडा असतो. २० मिमीचा ॲडाप्टर लावला की तो ईटी २५ सारखा होतो. चाक २० मिमी बाहेर, दोन्ही बाजू धरून ४० मिमी. भरलेली कळशी अंगाजवळ धरली तर हलकी वाटते, हात लांब केला की जड. बेअरिंगचं तसंच होतं. खंबाटकी किंवा पसरणी घाटात पाच माणसं बसवून वळण घेतलं की टायर फेंडरला घासू शकतो.

२. सेंटर बोर: व्हीलच्या मधलं मोठं भोक. स्विफ्टचं ५४.१ मिमी, क्रेटाचं ६७.१ मिमी. ॲडाप्टर दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारा, म्हणजे हब-सेंट्रिक हवा. नाहीतर स्पीडला स्टेअरिंग थरथरतं.

३. जाडी: मूळ स्टड ॲडाप्टरच्या बाहेर डोकावले तर व्हील सपाट बसत नाही. "स्टड कापून बसवू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

४. नट: निमुळत्या बैठकीला निमुळता, गोल बैठकीला गोल. अदलाबदल केली तर नट ढिला होतो.

बसवायचाच असेल तर

- नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळायला सांगा. नुसत्या इम्पॅक्ट गनवर भागवू नका.
- ५० ते १०० किमीनंतर व्हील काढून आतले आणि बाहेरचे नट पुन्हा तपासा.
- ठोका किंवा थरथर जाणवली तर गाडी लगेच बाजूला घ्या.
- मूळ नट आणि पाना डिकीत ठेवा. कंपनीची स्टेपनी ॲडाप्टरवर बसत नाही. रात्री हायवेवर पंक्चर झालं तर आधी ॲडाप्टर काढावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सातारा (एमएच ११), सांगली (एमएच १०) किंवा कराड (एमएच ५०), जे तुमचं आरटीओ असेल तिथे आधी विचारा. विमा कंपनीलाही कळवा. न सांगितलेल्या बदलामुळे क्लेम अडकू शकतो.

मग घ्यायचं काय?

आपल्याच गाडीच्या पीसीडीचा, जवळपास त्याच ऑफसेटचा सेट शोधा. सर्चमध्ये गाडीच्या नावासोबत "४×१००" असा आकडा टाका आणि विक्रेत्याकडून व्हीलच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. आकडे तिथेच कोरलेले असतात. थोडे पैसे जास्त जातील, पण ॲडाप्टरची गरजच पडणार नाही.