नर्सबाईंच्या पिशवीत काय काय आलं?

आजचा भाग तीन अक्षरांचा आहे : एएनएम. म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. सरकारी कागदावर आरोग्य सेविका, गावात नर्सबाई किंवा सिस्टर. ऑक्झिलरी म्हणजे मदतनीस. पण मदत कुणाला? गावच्या उपकेंद्रात तर डॉक्टरांची पोस्टच नसायची.

मागे जाऊया. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. तेव्हा नर्सेस फारच कमी होत्या. पूर्ण शिकलेल्या नर्सेस तयार होईपर्यंत गावांनी थांबायचं का? म्हणून १९५१ मध्ये पंजाबात, तरनतारनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांचा एएनएम कोर्स सुरू झाला. काम मुख्यतः एकच : आई आणि बाळ.

मग पिशवी भरत गेली. आधी कुटुंब नियोजन आलं, सोबत टार्गेट आलं. किती ऑपरेशनच्या केसेस आणल्या, यावर नर्सबाईंचं काम मोजलं जाऊ लागलं. आणीबाणीत या टार्गेटचं काय झालं ते आपण जाणतोच. ती पद्धत सरकारने १९९६ मध्ये सोडली. पण ज्या बाईने आपल्या बाळंतपणाला यावं, तीच ऑपरेशनसाठी मागे लागते, हे गावाने बघितलेलं होतं. गेलेला विश्वास जीआर काढून परत येत नाही.

दरम्यान १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सुचवलं, की प्रत्येक आजाराला वेगळा कर्मचारी नको, एकच बहुउद्देशीय कर्मचारी हवा. झालं! एएनएमचं नवं नाव बहुउद्देशीय आरोग्य सेविका. आणि कोर्स? दोन वर्षांवरून अठरा महिने. काम वाढलं, शिक्षण घटलं. कोर्स परत दोन वर्षांचा व्हायला काही दशकं गेली.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण, नंतर पल्स पोलिओ. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं, सोबत आशाताई आल्या. बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, की २००५-०६ मध्ये देशात १०० पैकी सुमारे ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ८९. यात नर्सबाईंचा मोठा वाटा आहे. पण गंमत बघा, ज्या कामासाठी हे पद जन्माला आलं, ते बाळंतपणच बऱ्याच जणींच्या हातातून निसटलं. हातात राहिली लस आणि रजिस्टर.

२०१६ मध्ये रजिस्टरच्या जागी टॅबलेट आला, त्यात अनमोल नावाचं ॲप. इथे माझा संबंध येतो, कारण मी पोटापाण्यासाठी ॲप्सच बनवतो. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला मला फार तर अर्धा तास लागतो. तो भरणाऱ्या बाईचा मात्र प्रत्येक घरी एक मिनिट जातो, आणि मैदानी भागात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरलेली असते. शिवाय जे रकान्यात बसतं तेच काम ठरतं. घाबरलेल्या पोरीशी अर्धा तास बोलल्याची नोंद कुठे करणार?

माझं म्हणणं एवढंच : सत्तर वर्षांत प्रत्येक योजनेने नर्सबाईंच्या पिशवीत काहीतरी टाकलं, बाहेर काढलं फार थोडं. नवीन काही टाकण्याआधी जुनं काय काढायचं, ते त्यांनाच विचारा ना.

तुमच्या गावातल्या नर्सबाईंचं नाव तुम्हाला माहीत आहे? कमेंटमध्ये नाव नको, त्यांचं एखादं काम लिहा. भेटूया पुढच्या भागात!